अपघाताच्या भरपाईसाठी वकील नेमताना फीचा हिशेब कसा करावा

वकिलाची फी ठरवण्यापूर्वी ती कोणत्या पद्धतीने आकारली जाते, हे पाहावे. अमेरिकेत अशा दाव्यांत वकील बहुधा भरपाईतला ठरावीक वाटा, साधारण एक-तृतीयांश, घेतात आणि दावा हरल्यास फी घेत नाहीत. भारतात मात्र बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला निकालावर अवलंबून असलेली फी किंवा रकमेतला हिस्सा ठरवता येत नाही, त्यामुळे तेथे ठोक रक्कम किंवा तारखेगणिक फी ठरते.

वाट्याची पद्धत असेल, तर खरी मेख खर्चात असते. कोर्ट फी, वैद्यकीय कागदपत्रे, तज्ज्ञ डॉक्टरांची साक्ष हा खर्च फीपेक्षा वेगळा असून तो वाटा काढण्याआधी वजा होणार की नंतर, हे विचारलेच पाहिजे. समजा, भरपाई ९ लाख मिळाली, खर्च ९० हजार झाला आणि वाटा एक-तृतीयांश आहे. आधी वाटा काढला तर अशिलाच्या हाती ५ लाख १० हजार येतात. आधी खर्च वजा केला तर ५ लाख ४० हजार. फरक ३० हजारांचा, आणि तो करारातल्या एका ओळीवर ठरतो.

दावा हरल्यास खर्च कोणी सोसायचा, अपील झाल्यास फी वाढणार का आणि मध्येच वकील बदलल्यास काय देणे लागेल, हेही लेखी घ्यावे. ‘फी नाही’ याचा अर्थ ‘खर्च नाही’ असा होत नाही. इजा किरकोळ असून विमा कंपनी वाजवी रक्कम देत असेल, तर वकील न नेमणेही परवडू शकते. मात्र तडजोडीवर सही करण्यापूर्वी एकदा सल्ला घ्यावा.