शॉक खोक्यात भरण्याआधी

जुनी फुल-सस्पेन्शन, म्हणजे पुढे-मागे दोन्हीकडे धक्के झेलणारी सायकल घेतली आणि मागून आवाज आला की पहिला आळ शॉकवर, म्हणजे मागचे धक्के झेलणाऱ्या भागावर येतो. मीही तेच केलं. पुण्याहून सेकंड-हँड आणलेली सायकल सोलापुरात होटगी रोडच्या पलीकडच्या माळावर काढली की मागे टक् टक् सुरू. शॉक गेला असं ठरवून तो काढला, सर्व्हिसला पाठवायला खोक्यात भरला, वर चिकटपट्टीही मारली. मग सहज मागचा सांगाडा हाताने वर-खाली करून बघितला, तर आत वाळू भरल्यासारखी खरखर. बेअरिंगं खलास झाली होती. खोकं परत फोडलं.

म्हणून आधी एवढं करा. सीट धरून सायकल किंचित उचला, सोडा, परत उचला; दुसऱ्या हाताचं बोट एकेका सांध्यावर ठेवा. जिथे बोटाला टिचकी लागते तिथे दुखणं. शॉकच्या डोळ्यातला, म्हणजे बोल्ट जातो त्या भोकातला बुश झिजला असेल तर तोही इथेच सापडतो, आणि ते काम स्वस्तात आटोपतं. नंतर शॉक काढून सांगाडा हलवा. काढताना प्रत्येक वायसरचा फोटो घ्या. मी घेतला नाही, एक वायसर उलट्या बाजूला गेला आणि लिंक, म्हणजे सांगाडा आणि शॉक जोडणारा तुकडा, फ्रेमला घासत राहिली.

या सांध्यांतलं बेअरिंग चाकासारखं गरगर फिरत नाही, थोड्याशा अंशात डुलतं. भार पुन्हा पुन्हा त्याच गोळ्यांवर येतो आणि गोळ्या फिरतात त्या ट्रॅकला खळगे पडतात. त्यात आपली काळी माती. ती चिकटली म्हणून मी सायकल वॉशिंग सेंटरच्या जेटखाली धरायचो, म्हणजे सीलच्या आत चिखल मीच भरत होतो. आता बादली आणि ब्रश.

बेअरिंगचा नंबर रबरी सीलवरच कोरलेला असतो. माझ्यात ६९०२ होतं: आतून १५, बाहेरून २८, रुंदी ७ मिलिमीटर. सायकलच्या दुकानांत मिळेना, म्हणून यंत्रमागाचे सुटे भाग विकणाऱ्या काकांकडे गेलो. त्यांनी ते बोटात फिरवलं आणि विचारलं, "कुठल्या मागाचं बे हे?" सायकलचं म्हटल्यावर हसले, पण काढून दिलं. मागताना दोन्ही बाजूंना रबरी सील असलेलं, म्हणजे टू-आरएस मागा. पत्र्याच्या झाकणाचं धुळीत टिकत नाही. सस्पेन्शनसाठी जास्त गोळ्यांचं खास बेअरिंगही येतं. ते मागवायची ऐपत आणि धीर असेल तर तेच बरं.

जुनं काढताना हातोडी नको. बेअरिंग बसतं ते ॲल्युमिनियमचं घर एकदा ओरखडलं की नवं बेअरिंग सैल बसतं. लांब बोल्ट, नट आणि दोन्ही बाजूंना मापाचे सॉकेट घेऊन पान्याने हळूहळू ओढा. बसवतानाही हीच युक्ती, फक्त दाब बाहेरच्या कड्यावर द्या.

शॉकचं घरी करता येण्यासारखं काम म्हणजे एअर कॅन, हवा भरतो तो बाहेरचा डबा, उघडून साफ करणं आणि त्याचे सील बदलणं. रॉकशॉक्स ही शॉक बनवणारी कंपनी ते सायकल चालवल्याच्या दर ५० तासांनी करायला सांगते. आधी सगळी हवा सोडा. हवा सोडल्यावरही शॉक दबलेलाच राहिला तर उघडू नका. आतल्या दुसऱ्या कप्प्यात हवा अडकलेली असते आणि कॅन तोंडावर उडू शकतो. डॅम्परला, म्हणजे शॉकची उसळी आवरणाऱ्या तेलाच्या भागाला, तर हातच लावू नका. बऱ्याच शॉकमध्ये तिथे दाबाखाली नायट्रोजन असतो. सील किट अगदी त्याच मॉडेलचं हवं. आणि टॉवेलच्या गावात राहून सांगतो, पुसायला टॉवेल वापरू नका. त्याचे तंतू सीलखाली अडकतात. जुनं धोतर उत्तम.

हवा भरायला शॉक पंपच लागतो. पंप काढून परत लावला की काटा खाली दिसतो, कारण शॉकमधली थोडी हवा पंपाच्या नळीत जाते. गळतंय म्हणून मी दोनदा सील बदलले! दाब मोजण्यापेक्षा सॅग, म्हणजे आपल्या वजनाने शॉक किती दबतो ते मोजा: पाण्याच्या पिशवीसकट सायकलवर बसा, रबरी रिंग शॉकच्या सीलला टेकवा, हळूच उतरा. शॉकचा स्ट्रोक, म्हणजे तो जास्तीत जास्त दबतो ते अंतर, ५० मिलिमीटर असेल तर रिंग साडेबारा ते १५ मिलिमीटर सरकलेली हवी. हे पहाटे करा. मे महिन्यातल्या दुपारी २०० पीएसआय भरलेला शॉक पहाटेच्या गारव्यात १०-१२ पीएसआयने उतरतो.

शेवटी प्रत्येक सांध्याच्या आट्यांना निळं लॉकटाइट, म्हणजे बोल्ट सैल होऊ न देणारा गोंद लावा, टॉर्क पान्याने कंपनीने दिलेल्या आकड्यापर्यंतच आवळा आणि दोन फेऱ्यांनंतर परत तपासा. मी तपासलं नाही. लिंकचा एक बोल्ट हिप्परगा तलावाच्या आसपास कुठेतरी पडला. तो नेहमीच्या नट-बोल्टच्या दुकानात मिळणारा नव्हता, त्या फ्रेमचाच होता. तीन आठवडे सायकल भिंतीला टेकून होती.