सायसा प्लसच्या टर्म्स सुट्या पाठ करू नका, जोडीने शिका

सायसा प्लस ही आयटीची सर्टिफिकेट देणाऱ्या कॉम्पटिया या संस्थेची सायबर सिक्युरिटी अ‍ॅनालिस्टसाठीची परीक्षा. तिची तयारी करणारे बरेचजण पहिल्या आठवड्यात एकच उद्योग करतात, ऑब्जेक्टिव्हजची, म्हणजे सिलॅबसची, पीडीएफ उतरवायची, शेवटी जी शॉर्टफॉर्म्सची लांबलचक यादी असते ती वहीत काढायची आणि ए पासून सुरुवात करून पाठ करत बसायचं. एपीटी, एआरपी, एव्ही... सी पर्यंत जाता जाता जीव मेटाकुटीला येतो. आणि एवढं करून उपयोग काय, तर परीक्षेत एसआयईएमचा फुलफॉर्म सांगा असं कोणी विचारतच नाही. तिथे एक प्रसंग देतात, चार पर्याय देतात, त्यातले दोन सरळ चुकीचे असतात आणि उरलेले दोन जुळ्या भावांसारखे. मार्क जातात ते या दोघांत.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की टर्म कधीही एकटी शिकू नका. जिच्याशी तिची गल्लत होते तिला शेजारी बसवा आणि दोघींत फरक कुठे पडतो तेवढंच लक्षात ठेवा.

आधी परीक्षेचा अंदाज घ्या. सीएस०-००३ हे व्हर्जन जून २०२३ मध्ये आलं, जास्तीत जास्त ८५ प्रश्न, १६५ मिनिटं, पास व्हायला ९०० पैकी ७५०. कॉम्पटिया साधारण तीन वर्षांनी व्हर्जन बदलते, तेव्हा कोर्सला पैसे टाकायच्या आधी साईटवर कोणता कोड चालू आहे ते बघाच, जुन्या कोडचे कोर्स स्वस्तात विकायला खूपजण बसलेत. ००३ मध्ये सिक्युरिटी ऑपरेशन्स ३३ टक्के, व्हल्नरेबिलिटी मॅनेजमेंट ३०, इन्सिडंट रिस्पॉन्स २० आणि रिपोर्टिंग अँड कम्युनिकेशन १७ अशी वाटणी आहे.

आता यादी घ्या आणि प्रत्येक टर्मपुढे खूण करा. जी दुसऱ्याला मराठीत दोन वाक्यांत सांगता येते तिला टिक, जी कधी ऐकलीच नाही तिला फुली, आणि जिचा फक्त फुलफॉर्म येतो तिला गोल. दगा देतात त्या गोलवाल्या, कारण आपल्याला वाटतं येतंय. एसओएआर म्हणजे सिक्युरिटी ऑर्केस्ट्रेशन, ऑटोमेशन अँड रिस्पॉन्स हे घडाघडा येतं, पण मग एसआयईएम असताना ते कशाला हवं असं विचारलं की गाडी अडते. (एसआयईएम सगळीकडचे लॉग, म्हणजे मशीनवर झालेल्या नोंदी, गोळा करून, एकमेकांशी ताडून अलर्ट देतं, एसओएआर त्या अलर्टवर ठरलेलं प्लेबुक चालवतं, म्हणजे आयपी ब्लॉक करणं, तिकीट काढणं वगैरे. आणि ईडीआर त्या एका मशीनच्या आत प्रोसेस काय करतेय ते बघतं, गरज पडली तर मशीनच नेटवर्कवरून तोडतं.)

जोड्या कशा लावायच्या याचं एक उदाहरण नीट बघू. विंडोजच्या सिक्युरिटी लॉगमध्ये ४६२५ म्हणजे लॉगिन फेल, ४६२४ म्हणजे लॉगिन झालं. समजा एकाच आयपीवरून दहा मिनिटांत चाळीस ४६२५ आलेत. इथपर्यंत बघून ब्रूट फोर्स म्हणून मोकळं व्हायचं नाही, युजरनेमचा कॉलम बघायचा. चाळीसही वेळा एकच युजर असेल तर ब्रूट फोर्स, म्हणजे एकाच अकाउंटवर एकामागून एक पासवर्ड लावून बघणं. चाळीस वेगवेगळे युजर आणि प्रत्येकाला एकेकदाच हात लावलाय तर पासवर्ड स्प्रेइंग, कारण एकच सोपा पासवर्ड सगळ्यांवर मारून बघितलाय म्हणजे कुठलंच अकाउंट लॉक होत नाही. आणि दुसऱ्या कुठल्या साईटवरून फुटलेल्या युजर-पासवर्डच्या तयार जोड्या आणून लावल्या असतील तर क्रेडेन्शियल स्टफिंग. मग या चाळीसनंतर एक ४६२४ दिसला, लॉगॉन टाइप १०, म्हणजे रिमोट डेस्कटॉपने कोणीतरी आत आलंय. प्रत्येक ४६२५ हा इव्हेंट, त्यांची बेरीज करून एसआयईएमने दिलेला तो अलर्ट, आणि हा ४६२४ खरंच त्या माणसाचा नाही हे कळलं की झाला इन्सिडंट. बघा, एका स्क्रीनवर सहा टर्म्स बसल्या आणि डेफिनेशन एकही पाठ केली नाही.

अशीच हमखास गल्लत होणारी जोडी म्हणजे सीएसआरएफ आणि एसएसआरएफ. सीएसआरएफमध्ये लॉगिन असलेल्या युजरच्या ब्राउझरला फसवून त्याच्या नावाने रिक्वेस्ट पाठवतात, एसएसआरएफमध्ये सर्व्हरलाच फसवून त्याच्याकडून रिक्वेस्ट मारून घेतात. प्रश्नातल्या यूआरएलमध्ये १६९.२५४.१६९.२५४ दिसलं की तो क्लाउडच्या मेटाडेटाचा पत्ता असतो, डोळे झाकून एसएसआरएफकडे वळा. आयओसी आणि टीटीपी पण तसंच, आयओसी म्हणजे हॅश (फाइलचा ठसा), आयपी, डोमेन असे मागे राहिलेले पुरावे, ते हल्लेखोर उद्या बदलतो, पण टीटीपी म्हणजे काम करायची पद्धत, ती बदलायला त्याला घाम फुटतो. ट्रू पॉझिटिव्ह, फॉल्स निगेटिव्ह या चौकडीवर वेळ घालवू नका, पॉझिटिव्ह म्हणजे अलर्ट वाजला, निगेटिव्ह म्हणजे नाही वाजला, ट्रू-फॉल्स म्हणजे ते बरोबर होतं की नाही, संपलं.

सीव्हीएसएसला, म्हणजे भोक किती गंभीर ते ० ते १० मध्ये मोजणाऱ्या स्कोअरला, मात्र निवांत बसा, कारण व्हेक्टर, म्हणजे तो स्कोअर ज्यावरून निघतो ती अक्षरांची ओळ, वाचायला देतात. एव्ही:एन/एसी:एल/पीआर:एन/यूआय:एन/एस:यू/सी:एच/आय:एच/ए:एच हे व्हर्जन ३.१ प्रमाणे ९.८ होतं. वाचायचं असं, नेटवर्कवरून करता येतं, अवघड नाही, आधी कुठलं अकाउंट लागत नाही, युजरने क्लिक करायची गरज नाही, स्कोप तोच, आणि गोपनीयता, अखंडता, उपलब्धता तिन्हींचा बट्ट्याबोळ. आता ऑनलाइन कॅल्क्युलेटर उघडा आणि एकेक बटण बदला. पीआर (आधी लागणारे अधिकार) एनचं एल केलं की ८.८, म्हणजे क्रिटिकलवरून हायवर आलं, कारण क्रिटिकल ९.० पासून सुरू होतं. त्याऐवजी एव्ही (हल्ला कुठून करता येतो) लोकल केलं तर ८.४. स्कोप चेंज्ड केला, म्हणजे फटका त्या भागाबाहेरही बसतो असं धरलं, की थेट १०, लॉग४शेल म्हणजे सीव्हीई-२०२१-४४२२८ हे तेच. अर्धा तास हे खेळलात की मेट्रिक्स वेगळे पाठ करावे लागत नाहीत. त्याच ओघात सीव्हीई म्हणजे त्या एका विशिष्ट भोकाचा नंबर, सीडब्ल्यूई म्हणजे चूक कुठल्या जातीची ते, उदाहरणार्थ एसक्यूएल इंजेक्शन, आणि सीव्हीएसएस म्हणजे तीव्रता, हेही पक्कं करून घ्या. आणि तीव्रता म्हणजे प्रायॉरिटी नव्हे, हा तर लाडका सापळा आहे, कुठेच न जोडलेल्या लॅबमधल्या मशीनवरचं ९.८ थांबू शकतं, इंटरनेटला उघड्या असलेल्या सर्व्हरवरचं ७.८, तेही सिसा या अमेरिकन सरकारी संस्थेच्या केईव्ही यादीत (हल्ल्यात खरोखर वापरल्या गेलेल्या भोकांच्या) असलेलं, थांबू शकत नाही.

हल्ला समजून घ्यायची मोठी मॉडेल्स, म्हणजे किल चेन, डायमंड मॉडेल, मायटर अटॅक, ही खऱ्या घटनेवर बसवा. आपल्याकडे पुण्याच्या कॉसमॉस बँकेवरचा ऑगस्ट २०१८ चा हल्ला आहेच, ९४ कोटींच्या आसपास रक्कम गेली. मालवेअरने बँकेच्या खऱ्या स्विचऐवजी (कार्डाच्या व्यवहाराला मंजुरी देणारी यंत्रणा) एक बनावट स्विच उभा केला, क्लोन केलेल्या कार्डांनी देशोदेशीच्या एटीएममधून पैसे काढायला लागल्यावर तो बनावट स्विचच मंजुरी देत गेला, आणि वर स्विफ्टमार्गे (बँकांच्या आंतरराष्ट्रीय व्यवहारांचं नेटवर्क) हाँगकाँगला पैसे वळवले. कागदावर डायमंडचे चार कोपरे काढा. व्हिक्टिम बँक, कॅपॅबिलिटी मालवेअर आणि क्लोन कार्डं, इन्फ्रास्ट्रक्चर म्हणजे बनावट स्विच आणि पैसे जिथे गेले ती खाती, आणि अ‍ॅडव्हर्सरी, तर संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांच्या २०१९ च्या अहवालात बोट उत्तर कोरियाकडे आहे. मग लॉकहीड मार्टिनच्या किल चेनच्या सात पायऱ्या लिहा. पैसे निघाले ती शेवटची, अ‍ॅक्शन्स ऑन ऑब्जेक्टिव्हज. तिथून उलटे वर चढत जा आणि प्रत्येक पायरीवर कुठला लॉग बघितला असता तर आधीच कळलं असतं ते लिहा. बँकेने एटीएम आणि ऑनलाइन सेवा बंद केल्या ते कंटेनमेंट, मालवेअर उपटून काढणं इरॅडिकेशन, सेवा पुन्हा सुरू करणं रिकव्हरी. हा क्रम विचारतातच, आणि घाईत लोक कंटेनमेंटच्या आधी इरॅडिकेशनला टिक करतात.

रिपोर्टिंगचे १७ टक्के सगळे शेवटच्या रात्रीवर ढकलतात, का ते कळत नाही, कारण सोपे मार्क तिथेच आहेत. एसएलए हा ग्राहकाशी केलेला करार, एसएलओ हे त्यातलं मोजता येणारं उद्दिष्ट, एमओयू म्हणजे नुसती लेखी समजूत. एमटीटीडी म्हणजे हल्ला सुरू झाल्यापासून आपल्याला कळेपर्यंतचा सरासरी वेळ. एमटीटीआरमधला आर कधी रिस्पॉन्ड असतो कधी रिमेडिएट, तेव्हा प्रश्नाचं वाक्य पूर्ण वाचा. नोकरीसाठी म्हणून एक जास्तीचं सांगतो, परीक्षेत येणार नाही पण भारतात इंटरव्ह्यूला विचारतात, सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे ठराविक प्रकारचे इन्सिडंट लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावे लागतात.

फ्लॅशकार्ड करायची तर 'अंकी' नावाचं अ‍ॅप चांगलं आहे आणि कॉम्प्युटरवर फुकट आहे, पण कार्डाच्या पुढच्या बाजूला टर्म लिहू नका, प्रसंग लिहा. उदाहरणार्थ, 'प्लांटमधलं जुनं मशीन, कंपनीने पॅच देणं बंद केलंय, बदलायला बजेट नाही, म्हणून वेगळ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात) टाकून समोर फायरवॉल लावली'. मागच्या बाजूला कॉम्पेन्सेटिंग कंट्रोल (मूळ उपाय शक्य नसताना केलेला पर्यायी बंदोबस्त), आणि खाली एक ओळ, पॅचिंग का नाही. ही खालची ओळच महत्त्वाची, चुकीचा पर्याय का चुकीचा हे लिहिल्याशिवाय कार्ड पूर्ण झालं असं समजू नका. रोज वीसेक कार्डं पुरे, त्यातली चार-पाच मोठ्याने, मराठीत, घरातल्या कोणाला तरी सांगून बघा, मध्येच अडखळलात की त्या कार्डाला परत गोल.

डंप्सच्या, म्हणजे परीक्षेतून चोरलेल्या प्रश्नांच्या, नादी लागू नका, उत्तरं अर्धी चुकलेली असतात ते सोडा, सापडलात तर कॉम्पटिया सर्टिफिकेट रद्द करू शकते. आणि परीक्षेत सुरुवातीलाच परफॉर्मन्स बेस्ड प्रश्न येतात, लॉग आणि स्कॅन रिपोर्टवाले, ते फ्लॅग करून पुढे निघा, मल्टिपल चॉइस संपवून परत या, पण त्यांच्यासाठी निदान चाळीस मिनिटं हातात राहतील असं बघा.