वर्णनात्मक नोंदी आणि आकारिकचे गुण : या चुका टाळा

सत्र संपायला चार दिवस उरले की अनेक शाळांत एकच दृश्य दिसतं: आधी संकलितचे, म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेचे, पेपर तपासायचे, मग त्या गुणांकडे बघत आकारिकचे, म्हणजे सत्रभर वर्गात चालणाऱ्या मूल्यमापनाचे, रकाने भरायचे. ही सगळ्यात महागात पडणारी चूक. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात पहिली-दुसरीला आकारिकचा भार 70 टक्के, तिसरी-चौथीला 60, पाचवी-सहावीला 50 आणि सातवी-आठवीला 40 आहे. म्हणजे तिसरीत निम्म्याहून जास्त निकाल अंदाजावर लागतो. नोंदवहीत सगळ्या मुलांचे आकारिक आणि संकलित गुण एकाच प्रमाणात चढत-उतरत असतील, तर ते मागाहून भरलेत हे पाहणाऱ्याला लगेच कळतं.

उपाय सोपा आहे. तीस मुलांचा वर्ग असेल तर रोज फक्त सहा मुलं ठरवून बघा, आठवड्यात पट पूर्ण होतो. नोंद त्याच दिवशी, दोन ओळींत.

आता नोंद कशी नसावी ते पाहू. ‘गणितात कच्चा आहे, सरावाची गरज’ हे वाक्य वर्गातल्या दहा मुलांना चिकटवता येतं, म्हणून ते कुणाचंच नाही. त्याच मुलाची वही उघडा. 52 − 27 = 35. पुढे 61 − 38 = 37. हा धांदरटपणा नाही. एककस्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा, असा नियमच त्याने मनाशी धरलाय. मग नोंद अशी: ‘बिनहातच्याची वजाबाकी अचूक करतो. हातच्याची करताना दशक सुटा करत नाही.’ काड्यांचे गठ्ठे हातात द्या, पाच गठ्ठ्यांतला एक सोडायला लावा, आठवड्याने तशीच दोन उदाहरणं द्या आणि तारीख टाका. आधीची नोंद खोडू नका. प्रगती दिसते ती दोन तारखांमधल्या फरकातून.

शाब्दिक उदाहरण चुकलं तर गुण कापण्याआधी ते मोठ्याने वाचून दाखवा. ऐकून बरोबर सोडवलं, तर अडचण वाचनात आहे. गणिताच्या रकान्यात तिची शिक्षा कशाला?

साधनांचंही तसंच. निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय एवढं हाताशी असताना बरेच जण चाचणी आणि स्वाध्यायावरच भागवतात. प्रकल्प तर घरून आलेला, थर्माकोलचा, बहुधा आईने केलेला. तो वर्गातच करून घ्या, नाहीतर त्यावर मुलाला चार प्रश्न विचारून मगच गुण द्या.

श्रेणी लावताना सीमेवरची बेरीज पुन्हा तपासा. आकारिकचे 48 आणि संकलितचे 22 मिळून 70 झाले तर ब-2, एक गुण वाढला की ब-1.

पालकसभेत मात्र श्रेणी वाचून दाखवून थांबू नका, आणि वर्गातला क्रमांक तर सांगूच नका. वही उघडी ठेवा, वजाबाकीचं तेच उदाहरण दाखवा आणि घरी करण्याजोगं एकच काम सांगा: दुकानातून आल्यावर उरलेल्या सुट्ट्या पैशांचा हिशेब त्याला करू द्या.