ईजीएफआर पाहून रेफर करताना या चुका टाळा

क्रिएटिनिन (स्नायूंतून येणारा, किडनीने रक्तातून बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ) 1.2 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. लॅबने आकडा ठळक केलेला नाही, म्हणून रिपोर्ट फाईलला लागतो आणि पेशंट घरी जातो. फॅमिली डॉक्टरांकडून होणारी सर्वांत महागडी चूक हीच. ईजीएफआर म्हणजे किडनी रक्त किती वेगाने गाळते याचा अंदाज; आकडा जितका कमी तितकी किडनी अशक्त. तो क्रिएटिनिन, वय आणि लिंग यांवरून काढणाऱ्या 2021 च्या सीकेडी-ईपीआय सूत्रात हा 1.2 घालून पाहा: 25 वर्षांच्या पुरुषाचा ईजीएफआर 86 येतो, 75 वर्षांच्या बाईंचा 47. लॅब ईजीएफआर देत नसेल तर स्वतः काढा, दर वेळी. पेशंट अगदी कृश असेल किंवा पाय कापलेला असेल, तर स्नायू कमी म्हणून क्रिएटिनिनही कमी आणि ईजीएफआर फसवा चांगला दिसतो. तिथे सिस्टॅटिन सी ही स्नायूंवर फारशी अवलंबून नसलेली रक्ततपासणी करून घ्यावी.

उलट टोकही गाठलं जातं. ईजीएफआर एकदाच 52 आला की लगेच नेफ्रॉलॉजिस्टच्या (किडनीतज्ज्ञाच्या) नावे चिठ्ठी! जुलाब-उलट्या, आदल्या दिवशीचा भरपूर मांसाहार, ट्रायमेथोप्रिमसारखं औषध, यांनीही क्रिएटिनिन चढतं. एक-दोन आठवड्यांत पुन्हा तपासा. झपाट्याने चढत असेल तर तो अक्यूट (अचानक झालेला) प्रकार, तिथे थांबायचं नाही. क्रॉनिक (दीर्घकालीन) म्हणायला मात्र बिघाड तीन महिने टिकायला हवा.

ईजीएफआर 30 च्या खाली गेला की रेफर करायचं, हे सगळ्यांना पाठ असतं. अडचण अशी की 30 ची वाट बघत बसलं जातं. जुने रिपोर्ट टेबलावर शेजारी-शेजारी ठेवा: दोन वर्षांपूर्वी 58, गेल्या वर्षी 51, आज 44. एकही आकडा 30 खाली नाही, पण वर्षाला 7 ने घसरण चालू आहे. वर्षाला 5 पेक्षा जास्त आणि सतत घट, हे रेफर करायला पुरेसं कारण आहे. उशीर झाला तर फिस्टुला (डायलिसिससाठी हातातली धमनी आणि शीर जोडून केलेली वाट) तयार व्हायलाही वेळ मिळत नाही, आणि पेशंटचं पहिलं डायलिसिस मानेतल्या कॅथेटरवर, धावपळीत होतं.

लघवीची तपासणी तर बहुतेक वेळा राहूनच जाते. ईजीएफआर 65 असला तरी एसीआर (लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनाचं क्रिएटिनिनशी प्रमाण) सतत 300 मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या वर असेल, तर पाठवा.

एसीई इनहिबिटर (बीपी कमी करणारी, किडनी जपणारी गोळी) सुरू केल्यावर चार आठवड्यांत क्रिएटिनिन 30 टक्क्यांपर्यंत वाढलं, तर घाबरून गोळी बंद करू नका, पोटॅशियम बघा.

आणि चिठ्ठीत नुसतं 'किडनी खराब' लिहू नका. तारखांसह जुने क्रिएटिनिन, एसीआर, बीपी, चालू औषधं, दुखण्यावरच्या गोळ्यांसकट, एवढं तरी हवंच.