मुलांच्या खाण्याची प्रश्नावली घेताय? आधी तिच्यावर भरवसा ठेवता येतो का ते तपासा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडं बीएड, नर्सिंग, होम सायन्सला असणारे बरेच जण प्रोजेक्टला मुलांच्या खाण्याच्या सवयींचा विषय घेतात. विषय चांगलाच आहे, पण होतं काय की नेटवरनं एक तयार प्रश्नावली उचलायची, मराठीत करायची, पोरांच्या हातात देऊन घरून भरून आणायला सांगायची आणि कॉम्प्युटरनं अल्फा (क्रोनबाखचा अल्फा, म्हणजे प्रश्न एकमेकांशी किती जुळतात याचा आकडा) ०.८ दाखवला की झालं काम. असं करू नका. दुसरीकडं कितीही चांगला आकडा आला असला तरी तो तिथल्या आयांचा, आपल्याकडं परत तपासावंच लागतंय.

आधी मोजायचंय काय ते ठरवा. मूल खाण्याशी कसं वागतं हे बघायचं असेल, म्हणजे नखरे करतं का, हळू खातं का, रडल्यावर जास्त खातं का, तर सीईबीक्यू (चाइल्ड ईटिंग बिहेविअर क्वेश्चनेअर) ही आईबापांनी भरायची प्रश्नावली आहे, लंडनच्या जेन वॉर्डल आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये केलेली, ३५ विधानं, ८ गट, ‘कधीच नाही’पासून ‘नेहमी’पर्यंत ५ पर्याय. इथं अल्फा काढा, पण प्रत्येक गटाचा वेगळा, सगळी ३५ एकत्र टाकून नको. काही विधानं उलट्या अर्थाची असतात, त्यांचे मार्क आधी उलटवून घ्या. साधारण ०.७ च्या वर आला तर चालतंय. पण एकच गोष्ट चार प्रकारे विचारली तरी अल्फा वाढतो, म्हणून नुसता तो बघून खूश व्हायचं नाही. आणि आठवड्यात किती वेळा दूध, अंडी, भाकरी असं विचारणारी प्रश्नावली असेल तर अल्फाचा उपयोगच नाही, दूध पिणारं पोर भाकरी पण खाईलच असं थोडंच आहे.

आता मुख्य गोष्ट, उत्तर कोण देतंय. सातआठ वर्षांच्या आतल्या मुलाला काल काय खाल्लं ते नीट सांगता येत नाही, म्हणून आईला विचारतात. पण आईला दुपारचं कुठं माहीत असतंय? शाळेत बिसी ऊट (दुपारचं गरम जेवण) होतं, दूध मिळतं, अंडं नाहीतर केळं मिळतं, पोरगं अर्धं टाकून येतं, नाहीतर शेजारच्याचं पण खातं. शिवाय निपाणीत आई तंबाखूच्या कामावर गेली की दिवसभर आजीच बघते, आणि आजी गुपचूप चिरमुरे, फरसाण देते. आणि भरवसा तपासायला तीच प्रश्नावली काही दिवसांनी परत भरून घ्यायची असते, उत्तरं तीच येतात का बघायला. मग पहिल्यांदा आईनं भरली आणि दुसऱ्यांदा आजीनं, तर फरक पडणारच, त्यात प्रश्नावलीचा काय दोष? कागदावर वरच ‘कोणी भरली’ असा रकाना ठेवा, दुसऱ्या वेळी त्याच माणसाकडं जा. माहेर कन्नड असलेल्या आईनं कन्नड प्रत घेतली असेल तर दुसऱ्यांदाही कन्नडच द्या. शाळेतल्या जेवणाचं मात्र वाढणाऱ्या बाईंना विचारा.

दुसरी फेरी साधारण दोन आठवड्यांनी. लगेच गेलात तर मागची उत्तरं आठवून सांगतात, फार उशीर केलात तर खाणंच बदललेलं असतं. मध्ये श्रावण लागला तर अंडी-मटण बंद, दसऱ्याची सुट्टी पडली तर बिसी ऊट बंद, तेव्हा तारखा कॅलेंडर बघून धरा.

मग दोन्ही फेऱ्यांच्या उत्तरांची जुळणी. समजा ४० आयांना ‘मूल रोज फळ खातं का’ विचारलं. दोन्ही वेळा हो म्हणणाऱ्या २६, दोन्ही वेळा नाही म्हणणाऱ्या ६, आधी हो मग नाही ४, आधी नाही मग हो ४. म्हणजे ३२ जुळल्या, ८० टक्के. भारी वाटतं ना? पण दोन्ही वेळा ३०-३० जणी हो म्हणाल्यात, मग नुसत्या योगायोगानंच ०.७५ गुणिले ०.७५ अधिक ०.२५ गुणिले ०.२५, म्हणजे ६२.५ टक्के जुळलं असतं. ८० मधनं ६२.५ वजा केले की १७.५, त्याला उरलेल्या ३७.५ नं भागा, ०.४७ येतं. हाच कप्पा (कोहेनचा कप्पा, योगायोग वगळून किती जुळलं याचा आकडा), आणि ०.४७ म्हणजे मध्यम. फक्त टक्केवारी देऊ नका, कप्पा द्याच. पाच पर्याय असतील तर वेटेड कप्पा (शेजारच्या पर्यायाचा फरक कमी धरणारा), आणि गटाच्या बेरजेला आयसीसी (इंट्राक्लास कोरिलेशन, दोन वेळच्या बेरजा किती जुळतात ते सांगणारा आकडा).

एवढं जुळलं तरी उत्तर खरं आहे असं होत नाही हं. पोराला रोज पालेभाजी देतो असं दोन्ही वेळा सांगणारी घरं भरपूर, तुमच्यासमोर कोण नाही म्हणणार. म्हणून थोड्या घरांत तरी २४ तासांचं खाणं विचारून घ्या, सकाळच्या चहापासनं रात्रीच्या दुधापर्यंत क्रमानं, दोनतीन वेगवेगळ्या दिवशी, त्यात एक रविवार धरा कारण त्या दिवशी ताटच वेगळं असतं. जाताना वाटी आणि पळी बरोबर न्या, नाहीतर प्रत्येकीची ‘एक वाटी’ वेगळी.

रिपोर्टमध्ये दुसऱ्या फेरीला किती जणी भेटल्याच नाहीत तेही लिहा. ऊसतोडीला गेलेली घरं सगळ्यात आधी गळतात, आणि मग तुमचा कप्पा फक्त घरी सापडलेल्यांचाच असतो.