कल्टारच्या दिवसांत नोंदवही कोरी ठेवू नका

जुलै-ऑगस्ट हा हापूसच्या कलमांना पॅक्लोब्युट्राझोल, म्हणजे बागायतदार ज्याला कल्टार म्हणतात ते मोहर लवकर आणणारे संजीवक, देण्याचा काळ आहे आणि सेंद्रिय प्रमाणपत्राची वाट बहुतेकदा याच दिवसांत बंद होते. कोकण कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत झाडाच्या विस्ताराच्या व्यासाला दर मीटरमागे 3 मिली अशी मात्रा आहे आणि दुकानदार त्यावर ‘थोडे वाढवूनच घाला’ असे सांगतो. प्रमाणीकरण हवे असणाऱ्याला मात्र हा प्रश्नच उरत नाही, कारण सेंद्रिय उत्पादनात हे संजीवक निषिद्ध आहे आणि ते जमिनीत दीर्घकाळ टिकते. बाग खंडाने दिली असेल तर ते न घालण्याची अट करारपत्रात लिहून घ्यावी; तोंडी कबुलीवर राहू नये. कातळावरच्या, कमी मातीतल्या कलमांना पाण्याचा ताण लवकर बसतो आणि त्यांना कल्टारशिवायही बऱ्यापैकी वेळेवर मोहर येतो असे आमचे निरीक्षण आहे. ही शिफारस नव्हे.

तथापि बागा हातच्या जातात त्या कल्टारपेक्षा कोऱ्या वहीमुळे. ‘आमच्या काजूला आजोबांपासून रासायनिक खत माहीत नाही’ हे वाक्य कोकणात बहुतांशी खरे असते, पण तपासणीस येणाऱ्याला त्याचा कागद लागतो. कागद नसेल तर आंबा, काजू, कोकम यांसारख्या बहुवार्षिक पिकांचा 3 वर्षांचा रूपांतरण काळ (रासायनिक शेतीतून सेंद्रियकडे वळण्याची मुदत) नोंदणीपासून मोजला जातो आणि आधीची सारी वर्षे फुकट जातात.

शंभर पानी वही प्लास्टिकच्या पिशवीत घालून मांगरात (बागेतल्या शेतघरात) टांगावी आणि पेन्सिलीने लिहावे, कारण पावसाळी दमटपणात शाई पसरते. तारीख, गट नंबर, काय घातले, किती, कोठून आणले आणि पंप कोणाचा, एवढे त्याच संध्याकाळी लिहावे. शेजाऱ्याकडून आणलेल्या पंपात कीटकनाशकाचा अंश राहतो, म्हणून पंपाची नोंद विशेष महत्त्वाची. काहीच केले नसेल तर तसेही लिहावे. तपासणीच्या आदल्या रात्री एका बैठकीत भरलेली वही पहिल्या पानावरच ओळखू येते.

या महिन्यातील इतर कामे:
– आळ्यातील तण काढून तेथेच आच्छादन करणे
– गिरिपुष्पाचा पाला आळ्यात घालणे
– सुपारीवर 1 टक्का बोर्डो मिश्रण, म्हणजे तांबेयुक्त बुरशीनाशक (मोरचूद 1 किलो, चुना 1 किलो, पाणी 100 लिटर), उघडीप पाहून. तांब्याच्या वापरास आधी परवानगी घेणे
– रासायनिक बागेकडून येणारे पाणी चर खणून वळवणे

‘ऑरगॅनिक’ छापलेली महागडी बाटली घेण्यापूर्वी ती चालते की नाही, हे प्रमाणीकरण संस्थेला किंवा प्रमाणीकरणासाठी एकत्र आलेल्या आपल्या शेतकरी गटाला विचारावे, दुकानदाराला नव्हे.

देशांतर्गत विक्रीसाठी पीजीएस-इंडियाचा, म्हणजे शेतकऱ्यांनीच एकमेकांची हमी देण्याच्या सरकारी पद्धतीचा, गट किमान 5 शेतकऱ्यांचा होतो. तेथे सदस्य एकमेकांची शेते तपासतात, त्यामुळे एकाची कोरी वही सगळ्यांना नडते. परदेशी ‘सेंद्रिय’ म्हणून माल पाठवायचा तर एनपीओपीचेच, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाचेच, प्रमाणपत्र लागते. हापूसला 2018 मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन मूळ प्रदेश सांगते, त्यावरून आंबा सेंद्रिय ठरत नाही. पेटीवर दोन्ही गोष्टी एक करून छापणारे गोत्यात येतात. वार्षिक उलाढाल 12 लाखांपर्यंत असलेल्या लहान उत्पादकाला थेट ग्राहकास विकताना प्रमाणपत्रातून सूट आहे, मात्र त्याला ‘जैविक भारत’ हे सेंद्रिय अन्नाचे सरकारी चिन्ह लावता येत नाही.

सातबारा सामाईक असेल तर सहहिस्सेदारांची संमतीपत्रे आताच लिहून तयार ठेवावीत. गणपतीत मुंबईकर घरी येतात तेव्हा, आरती-भजनाच्या गडबडीतही, पहिल्या दोन दिवसांत सह्या घ्याव्यात. गौरी-विसर्जनानंतर एकेकजण गाडी पकडतो आणि प्रमाणपत्राचा अर्ज पुढच्या वर्षावर जातो.