कासवाच्या टँकमधलं हिरवं पाणी: आधी खिडकी सोडा

फिल्टर आहे, दिवा आहे, चढून बसायला ओटा आहे, उरलेलं खाणं रोज काढता, तरी पाणी कैरीच्या पन्ह्यासारखं झालंय? मग हे तुमच्यासाठीच. इथे कासव म्हणजे लाल कानाचं स्लायडर, कारण आपल्याकडे दुकानात बहुतेक तेच मिळतं. (स्टार कासवासारखी देशी कासवं पाळायला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे. "शुभ असतं, घेऊन जा" असं कोणी म्हणालं तर हात जोडायचे आणि निघायचं.)

आधी थोडं पाणी पांढऱ्या कपात घेऊन बघा. दुधाळ असेल तर जिवाणू वाढलेत. नव्या टँकमध्ये हे होतंच. खाणं कमी करा, फिल्टर बंद करू नका, वाट बघा. तपकिरी पण आरपार दिसणारं असेल तर टँकमधलं लाकूड रंग सोडतंय, त्याने काही बिघडत नाही. पाणीच हिरवं असेल तर ते तरंगतं, एकपेशीय शेवाळ. त्याची पेशी इतकी बारीक की स्पंजातून सहज पार होते. म्हणून फिल्टर कितीही मोठा आणला तरी रंग जात नाही आणि शिव्या बिचाऱ्या फिल्टरला बसतात.

आता खिडकी. मी यातच अडकले होते, त्यामुळे जरा लांबण लावणार आहे. कासवाला ऊन लागतं हे सगळे सांगतात आणि ते खरंही आहे. मग आपण टँक पूर्वेच्या खिडकीशी नेतो, सकाळचं छान ऊन पडतं, घरातली मोठी माणसं खूश होतात. आठवड्याभरात पाणी हिरवं. सगळं पाणी बदला, पुन्हा हिरवं. कारण उन्हातलं जे कासवाला हवं असतं ते म्हणजे यूव्हीबी, उन्हातले डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण. त्यांनी अंगात ड३ जीवनसत्त्व तयार होतं, त्याशिवाय कॅल्शियम अंगी लागत नाही आणि कवच मऊ पडतं. खिडकीची साधी काच हे किरण जवळजवळ सगळे अडवते. डोळ्यांना दिसणारा उजेड तेवढा आत येतो आणि शेवाळाला नेमका तोच लागतो. म्हणजे बंद काचेआडच्या उन्हात कासवाला नुसती ऊब मिळते, शेवाळाचं मात्र पोट भरतं. तावदान उघडलं तरी टँकची स्वतःची काच मध्ये आहेच. शिवाय एप्रिल-मे महिन्यांत लहान टँकमधलं पाणी उन्हाने इतकं तापतं की ते कासवाच्या जिवावर बेतू शकतं. टँक आतल्या भिंतीशी न्या. आज न्या, औषधाची बाटली विकत आणायच्या आधी.

ऊन द्यायचंच असेल तर सकाळी पसरट टबात, अर्ध्या भागावर सावली करून, आणि आपण शेजारी बसून. घारी, कावळे, मांजरं सगळ्यांना लहान कासव दिसतं. एरवी ओट्यावर यूव्हीबी दिवा, मध्ये काच नको, दिवसाला १० ते १२ तास. हा दिवा पेटता दिसतो म्हणून किरण देतोच असं नाही. त्याची ताकद आधी संपते, उजेड नंतर. पाकिटावर लिहिलेल्या मुदतीत बदला.

उजेड कमी केलात की राहतं शेवाळाचं खाद्य, म्हणजे नायट्रेट आणि फॉस्फेट. ते येतं उरलेल्या खाण्यातून आणि विष्ठेतून. कासव माशापेक्षा कितीतरी जास्त घाण करतं, म्हणून टँकच्या दुप्पट-तिप्पट लिटरसाठी असलेला फिल्टर घ्या. खायला घालताना कासव वेगळ्या टबात ठेवलं तर निम्मी लढाई तिथेच जिंकता. दर आठवड्याला पाव ते तृतीयांश पाणी बदला, तेही तळातून नळीने ओढून. सगळं पाणी एकदम कधीच काढू नका. आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवायचा नाही! नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्यातले उपयोगी जिवाणू मारतं. घाणीतून सुटणाऱ्या विषारी अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करायचं काम तेच करतात. ते गेले की अमोनिया चढतो आणि कासवाच्या डोळ्यांना, कातडीला झोंबतो. टँकमधूनच काढलेल्या पाण्याच्या बादलीत स्पंज दोनदा पिळा, बस. चकचकीत दिसायला नको.

घाबरू मात्र नका. हिरव्या पाण्याने कासव आजारी पडत नाही, तळ्यात याहून हिरव्या पाण्यात ती सुखाने राहतात. धोका न दिसणाऱ्या अमोनियाचा असतो. थेंबांचं टेस्ट किट आणा आणि अमोनिया शून्य आहे ना ते बघा.

शॉर्टकटबद्दल माझं मत कडू आहे. तुरटीने मातीचा गढूळपणा बसतो, पण पाण्याची आम्लता वाढते आणि शेवाळाचं खाद्य काही संपत नाही. तांबं असलेली शेवाळनाशकं तर घरात आणूच नका. एकच यंत्र मला पटतं, बंद डबीतलं यूव्हीसी, म्हणजे यूव्हीबीपेक्षा जहाल अतिनील किरणांचा दिवा. पाणी त्यातून फिरतं आणि तरंगतं शेवाळ मरतं. पण हा यूव्हीसी दिवा उघडा कधीच लावू नका, तुमचे आणि कासवाचे दोघांचेही डोळे जातील. यंत्र नको असेल तर टँकच्या चारही बाजूंना काळा कागद लावा, वरून फक्त ओट्यापुरता उजेड येऊ द्या आणि चार-पाच दिवस तसंच ठेवा. मेलेलं शेवाळ कुजतं, म्हणून नंतर लगेच थोडं पाणी बदलायचं.

आणि सल्ला कोणाचा घ्यायचा? दहा टँक मांडून व्हिडिओ करणाऱ्याचा नको. एकच कासव दहा वर्षं सांभाळलेला माणूस शोधा. तो पहिल्यांदा टँकची लांबी विचारेल, कारण कवचाच्या दर इंचामागे साधारण ४० लिटर पाणी लागतं आणि स्लायडरची मादी १० इंचांपर्यंत वाढते. दोन फुटी टँकमध्ये पाणी स्वच्छ राहील ही आशा सोडा. कंटाळून तिला तळ्यात किंवा देवळाच्या विहिरीत सोडणं हा पर्याय नाही. ही परदेशी जात आपल्या कासवांचं खाणं आणि ऊन खायच्या जागा बळकावते.

शेवटचं, पाणी काढताना नळी तोंडाने ओढू नका आणि टँकची भांडी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुवू नका, कासवांच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू असू शकतो. काढलेलं हिरवं पाणी मोगऱ्याला, जास्वंदीला उत्तम. कोथिंबीर-पुदिन्याच्या कुंडीत ओतू नका, ती पानं आपण कच्ची खातो.